फिरतंय का बघा

फोटो काढताना लोक 'हसा' म्हणतात, 'इकडे बघा' म्हणतात. आमचे शेजारी बिरूआण्णा यातलं काहीच म्हणत नाहीत. ते मुकाट्याने बटण दाबतात, मग कॅमेरा तुमच्या नाकापाशी आणतात, उजव्या अंगठ्याने वरची पट्टी ओढतात आणि डाव्या बाजूची छोटी गोल चकती दाखवून विचारतात, "फिरतंय का बघा."

ती फिरतेच. पण तुम्ही तोंडाने 'हो, फिरतंय' म्हणेपर्यंत आण्णा तुम्हाला सोडत नाहीत. "फिरलं म्हंजे रोल सरकला. सरकला म्हंजे तुमचा फोटो गेला आत. तुमाला जागा दिली," असं म्हणून कॅमेऱ्याला चामड्याचं टोपडं घालतात आणि चालू लागतात. आपण तिथेच उभे. आपल्याला नक्की काय दिलं, हे काही केल्या कळत नाही.

मी सांगलीतल्या एका शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवते. उत्तर सापडलं नाही की मला जेवण गोड लागत नाही. आणि नशिबाने शेजार मिळाला तो हा असा.

आण्णा मूळचे कवठे महांकाळच्या पलीकडच्या माळावरचे. घरचा धंदा मेंढरांचा. पोरवयात दोन-तीन वर्षं तालुक्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाताखाली होते, मग एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. रिटायर झाल्यावर कुणी देवाला जातं, कुणी सकाळी बागेत जाऊन हसतं. आण्णा साताऱ्याला गेले आणि बंद पडलेल्या एका स्टुडिओतून रोलचा जुना कॅमेरा आणि फोटो छापायचं यंत्र घेऊन आले. ते यंत्र रिक्षातून उतरवताना बघून आण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "पिठाची गिरण आनली का काय वो ह्यांनी?"

गिरण बरी, असं म्हणायची वेळ त्यांच्यावर आठवड्यातच आली. न्हाणीघराच्या खिडकीला वाकळ, दाराच्या फटीला जुनी लुंगी, आत लाल बल्ब आणि आण्णा. दुपारी दोन-दोन तास दार बंद. पाव्हणे आले की वहिनी त्यांना हात-पाय धुवायला आमच्याकडे पाठवतात. रोल धुवायचं औषध ताकाच्या बाटलीत, आणि बाटली फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या शेजारी, कारण ते म्हणे वीस डिग्रीलाच लागतं. वीस डिग्री बघायला आण्णांनी आधी तापाचा थर्मामीटर बुडवला. तो काही बोलेना, तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतला मागायला माझ्याकडे आले. "ह्याला ताप न्हाई, थंडी मोजायची हाय," म्हणाले. मी दिला. का दिला, तेही मला कळलेलं नाही.

बरं, फोटो ताबडतोब मिळावा, तर तेही नाही. छत्तीस फोटो पुरे झाल्याशिवाय आण्णा रोल काढत नाहीत, आणि एका माणसाचा एकच फोटो काढतात. माझा काढला तेव्हा माझे डोळे मिटले. मी म्हटलं, आण्णा, अजून एक काढा. ते म्हणाले, "न्हाई म्याडम. छत्तिसातली एक जागा तुमची हुती, ती दिली." तीन महिन्यांनी फोटो आला. हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन झोपी गेलेली ही बाई कोण, असा प्रश्न पडला. घरात सगळ्यांना दाखवून झाल्यावर धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, ही तुम्हीच."

"मोबाईलवर काढा की, आण्णा," मी एकदा सांगून पाहिलं. "लगेच दिसतो, शंभर काढता येतात."

"शंभर निघत्यात म्हनूनच त्यो फोटो न्हवं," आण्णा म्हणाले. "जागा संपत न्हाई, तर ती दिली असं कसं म्हनायचं?"

यावर मी बराच विचार केला. डोकं दुखलं, तेव्हा सोडून दिला.

हे सगळं चालू होतं ते एका फोटोसाठी, हे मला वहिनींनी सांगितलं. आण्णांची थोरली बहीण, म्हाळाक्का, गावाकडे असते. वय ऐंशीच्या घरात. तिचा एक फोटो काढायचा, एवढाच आण्णांचा ध्यास. दर दोन महिन्यांनी कॅमेरा गळ्यात अडकवून जायचे आणि हात हलवत परत यायचे. आक्का बसायलाच तयार नव्हती. तिची अट एकच. "पयला आईचा फोटो आन. त्या पाटलाच्या लग्नात काढल्याला. मग माझा काढ."

"मग न्या की आईचा," मी आण्णांना म्हटलं. "पाटलांच्या अल्बममध्ये असेल. मागून आणा."

आण्णा कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "तुमी येता का संगं? आक्का शिकल्याल्या मानसाचं ऐकती." वहिनींचे गुडघे धरले होते आणि मला रविवारची सुट्टी होती. मी गेले.

कवठे महांकाळला एसटी बदलून पुढची गाडी धरली. ती माळाला लागल्यावर आण्णा बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत.

"लग्नात लय लोक स्टेजवर चढायचं, म्याडम. रोल दोनच. मालक म्हनायचा, आपल्या कामाची मानसं असतील त्यांचा फोटो काढ, बाकीच्यांना नुसता फ्लॅश दे. फ्लॅशला मागं वेगळं बटन असतंय. लखकन उजेड पडतो. मानूस खूश हून खाली उतरतंय. रोल जागचा हालत न्हाई."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही..."

"शेकड्यांनी दिलं. कुनाचा जीव त्यात अडकला आसंल, कधी मनातबी आलं न्हाई. पाटलाच्या लग्नात आई चढली स्टेजवर. नवं लुगडं नेसून. दोनच जागा शिल्लक हुत्या आनि नवऱ्याकडची मानसं र्‍हायली हुती. म्हटलं, आई घरचीच हाय, तिचा कवाबी काढू." त्यांनी तिकिटाची घडी करून खिशात घातली. "फुडल्या साली आई गेली. तवा ती मतदानाची कार्डं बी आली न्हवती. कुठंच न्हाई बगा आई. कशावरच न्हाई."

कोथिंबिरीची जुडी धरून झोपलेला माझा फोटो मी घरात हसायला काढून ठेवला होता, त्याची मला फार लाज वाटली.

आक्का ओट्यावर बसून हुलगे निवडत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "आनलास?"

आण्णा उभेच राहिले. "आक्का, आईचा फोटो न्हाई."

"कुठं गेला?"

"कवा काढलाच न्हवता. नुसता फ्लॅश मारला म्या."

आक्काने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "मला ठावं हाय," ती म्हणाली.

आण्णा खालीच बसले. आता गोंधळायची पाळी त्यांची होती.

"लग्नासनं येताना वाटंतच आई म्हनली. दिवसभर घरात त्यो कॅमेरा टक-टक वाजवत बसतंय पोरगं, आवाज का मला कळत न्हाई? उजेड पडला पर टक झालं न्हाई, म्हनली. बिरूला बोलू नगं. मालक वरडत आसंल त्याला."

"मग खाली उतरायची न्हाई व्हय?"

"कशी उतरल? लोक म्हनलं असतं, पोरगं आईचाबी फोटो काढीना. म्हनून तशीच उभी र्‍हायली, हसत."

"आनि तू गं? एवढी वर्सं आईचा फोटो मागतीयास, त्यो कशापायी?"

"तू सांगावंस म्हनून," आक्का म्हणाली. "मी मेल्यावर कुनाला सांगनार हुतास?"

मग आक्काने सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाली, "काढ आता."

आण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला. खाली घेतला. चष्मा पुसला, परत लावला, परत खाली घेतला. "दिसंना," म्हणाले, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. आक्काने त्यांना दंडाला धरून शेजारी बसवलं. ज्या माणसाने शेकडो लोकांना फोटोसाठी उभं केलं, त्याला बसावं कसं ते कळेना. हात मांडीवर ठेवावेत की घडी घालावी, यावरून दोघांचं थोडं भांडणही झालं. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

या वेळी तीन महिने लागले नाहीत. चौथ्याच दिवशी आण्णा आमच्या फाटकाशी आले. पस्तीस जागा कोऱ्या ठेवून त्यांनी रोल काढून धुतला होता. फोटो थोडा तिरका आला होता, तो दोष माझा. आक्का सरळ समोर बघत होती. आण्णांचे डोळे मिटलेले होते.

"तुमचे डोळे..." मी म्हटलं.

"असू द्या. आक्का आता आईपरीस म्हातारी झालीया, तरी डिट्टो आई दिसती. तिच्याम्होरं डोळं उघडं र्‍हायलं आसतं व्हय माझं?" मग ते जरा घुटमळले. "आक्का म्हनती, खाली आईचं नाव लिव्ह आनि भितीवर लाव. हार तेवढा घालू नगं, मी जित्ती हाय म्हनली. पर म्याडम, ते खोटं हुईल न्हवं?"

सव्वीस वर्षं मी चुकीच्या उत्तरांवर लाल रेघ मारत आले आहे. मी माझं पेन त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "लिहा."

फाटकाच्या खांबावर फोटो टेकवून त्यांनी खालच्या पांढऱ्या पट्टीवर नाव लिहायला घेतलं. नाव तीनच अक्षरांचं होतं. त्यांना फार वेळ लागला.