वालाच्या वेलासाठी पॉइंट टू टू

बंदूक घेण्यापर्यंत मजल गेली त्या प्रकरणाची सुरुवात झाली, तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि समोर बायको रडत होती. यातली दुसरी गोष्ट आमच्या घरी फार क्वचित घडते. (कादंबरी, म्हणजे माझी बायको, रडत नाही, रडवते.) त्यामुळे मी भेदरलो, आणि भेदरलेला नवरा ज्या चुका करतो त्यातली पहिली केली. म्हणालो, "तू काळजी करू नकोस, मी बघतो काय करायचं ते."

आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या उत्तरेला पाऊण तासावर राहतो. ट्रॉयमध्ये माझं ऑफिस आहे. तिथे मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. घरी तेच काम कादंबरी करते आणि माझ्यापेक्षा फार चांगलं करते. इतक्या लांब घर घेतलं ते तिच्या बागेसाठी. मागे दोन एकर जागा आहे. तिथे ती मेथी, गवार, दुधी असं सगळं लावते, पण तिचा जीव वालाच्या वेलांत. कडवे वाल. अलिबागजवळच्या तिच्या माहेरचं बी तिच्या आईने दहा वर्षांपूर्वी पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून दिलं होतं. (हा परिच्छेद कस्टमवाल्यांना वाचून दाखवू नये.) दरवर्षी थोडे वाल खायचे आणि थोडे बियाण्याला ठेवायचे, असं दहा वर्षं चाललं. दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. तेव्हापासून त्या वालांना आमच्या घरात भाजी म्हणायची सोय राहिली नाही.

या वर्षी बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि ठेवणीतलं बी कुजलं. त्यातून जेमतेम सात रोपं निघाली. जुलैमधल्या एका सकाळी त्यातली चार गायब झाली. तीच ती रडण्याची सकाळ.

चोर आम्ही डोळ्यांनी पाहिला. ग्राउंडहॉग. घुशीने एखाद्या लहान अस्वलाशी लग्न केलं तर जे अपत्य होईल, तो हा प्राणी. मागच्या बांधात बीळ करून राहतो आणि नाश्त्याला बाहेर पडतो. मी आधी अहिंसक उपाय केले. जाळी लावली, तो खालून उकरून आत आला. तिखट टाकलं, त्याला फोडणी आवडली असावी. पिंजरा लावला, त्यात शेजारच्या वॉल्टची मांजर सापडली. दोनदा. दुसऱ्या वेळी वॉल्ट शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे या प्राण्यासाठी लोक पॉइंट टू टू वापरतात."

पॉइंट टू टू म्हणजे छोट्या गोळीची रायफल. नाव ऐकताच माझी छाती जरा फुगली, कारण कॉलेजात एनसीसीत असताना मी हीच रायफल चालवली होती. पाचपैकी चार गोळ्या निशाण्यावर लागल्या होत्या. (निशाणा शेजारच्या मुलाचा होता.)

कुठलीही वस्तू घेताना मी आधी अभ्यास करतो. प्रेशर कुकर घेताना तीन आठवडे केला होता. इथे तर आठ दिवसांत मी गोंधळून गेलो. पॉइंट टू टू स्वस्त, गोळ्याही स्वस्त, पण म्हणे लांबचं लागत नाही. पॉइंट वन सेव्हन आणखी बारीक, सरळ आणि वेगात जाते, पण गोळ्या महाग. शेवटी माझा जुना मित्र सिद्धेश आठवला. तो मूळचा नागपूरचा, आता टेक्ससमध्ये प्लेनोला असतो आणि त्याच्याकडे तीन रायफली आहेत. मी ऑफिसच्या पार्किंगमधून त्याला मेसेज टाकला :

"बायकोचं टेन्शन कायमचं संपवायचं ठरवलंय. पॉइंट टू टू पुरेल का पॉइंट वन सेव्हन घेऊ? बजेट कमी आहे, पण एका फटक्यात काम झालं पाहिजे. तिला काही बोलू नकोस, सरप्राइज आहे."

सिद्धेशचं उत्तर आलं नाही, कारण मेसेज त्याला गेलाच नव्हता. तो गेला होता 'म. मंडळ दिवाळी फूड कमिटी' या ग्रुपवर. सदस्य एकशे बारा.

पहिलं उत्तर मंडळाचे अध्यक्ष विनय यांचं आलं. त्यांना वाटलं मी घराच्या कर्जाच्या व्याजाबद्दल बोलतोय. "पॉइंट टू टू कमी होत असेल तर लगेच रिफायनान्स करून टाका," असं त्यांनी लिहिलं. दुसऱ्या कोणाला तो चष्म्याचा नंबर वाटला. अर्थ बरोबर लागला तो फक्त शोभनाकाकूंना, कारण त्यांचा जावई शिकारी आहे. काकू बहात्तर वर्षांच्या. त्यांनी मला काही लिहिलं नाही. थेट कादंबरीला फोन केला.

तो फोन कादंबरीने स्पीकरवर ठेवून भांडी लावता लावता घेतला, हे मला नंतर रुहीने, म्हणजे आमच्या पंधरा वर्षांच्या मुलीने सांगितलं.

"कादंबरी, तू एकटी आहेस का?"

"हो, रुही आहे फक्त. का हो काकू?"

"बॅग भर आणि रुहीला घेऊन आमच्याकडे राहायला ये. काय झालं ते मी विचारणार नाही. वरची खोली रिकामीच आहे."

मग काकूंनी मेसेज वाचून दाखवला. रुही म्हणते, आई ओट्याला धरून हसत सुटली. "काकू, त्याच्या हातून झुरळ मरत नाही हो. झुरळ आलं की तो मला हाक मारतो."

मी घरी आलो तेव्हा दोघी माझी वाट बघत होत्या.

"डॅड, यू आर सो लकी दे डिडन्ट कॉल द पोलीस," रुही म्हणाली.

"खरंच बंदूक घेणार आहेस?" कादंबरीने विचारलं.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. म्हटलं, "तुझ्या आईच्या वालांचा प्रश्न आहे."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "घे. पण स्वस्तातली घे. आणि घरात कुलूप लावून ठेवायची."

दुकानात काउंटरवर डेबी नावाच्या बाई होत्या. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, बँकेतल्या कॅशियरसारखा चेहरा. मी सांगितलं, "ग्राउंडहॉग. एकच आहे. बजेट कमी."

त्यांनी एक मोठी रायफल दाखवली. मी विचारलं, "याने काम होईल ना?"

"होईल. पण मग ग्राउंडहॉग होता याला पुरावा राहणार नाही." त्यांनी ती बाजूला ठेवली. "बिळापासून तुम्ही किती लांब असाल?"

"चाळीस-पन्नास यार्ड."

"मग पॉइंट टू टू. बाकी पैसे गोळ्यांवर घाला आणि प्रॅक्टिस करा." त्यांनी एक वापरलेली रायफल काढली. लाकडी दस्ता, त्यावर दोन चरे, वर साधी दुर्बीण. "एका आजोबांची होती. त्यांनी फार वापरली नाही."

मी विचारलं, "का?"

"त्यांना काही लागायचं नाही."

मला ती लगेच आवडली. पण माझा पासपोर्ट बघून डेबीबाई थबकल्या. मी चौदा वर्षं अमेरिकेत आहे, पण अजून एच-वन-बी व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. व्हिसावाल्याला बंदूक हवी असेल, तर आधी शिकारीचा परवाना दाखवावा लागतो, असं त्या म्हणाल्या. परवाना हवा, तर सुरक्षेचा कोर्स. (चौदा वर्षांत या देशाने मला मतदार मानलं नाही, पण शिकारी मानायला त्याची तयारी होती.)

कोर्स एका क्लबच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार होता. मी दहा मिनिटं आधी पोहोचलो. हॉलमध्ये दहा-बारा वर्षांची पंधरा मुलं बसली होती. शिक्षकांनी हसून विचारलं, "तुमचं मूल कुठलं?"

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी मला मागची मोठी खुर्ची दिली. दोन दिवसांत मी बरंच शिकलो. सर्वांत महत्त्वाचा नियम शिक्षकांनी फळ्यावर लिहून ठेवला होता : गोळी झाडण्याआधी प्राण्याच्या मागे काय आहे ते बघा. परीक्षेत मला पन्नासपैकी चव्वेचाळीस मिळाले. शेजारच्या गुलाबी बुटांच्या मुलीला एकोणपन्नास. तिने माझ्या खांद्यावर थोपटलं.

परवाना, मग शेरीफच्या ऑफिसातला आणखी एक कागद, मग कुलपाची पेटी, यात सप्टेंबर उजाडला. तोवर ग्राउंडहॉगने आणखी दोन वेल संपवले होते. एक उरला. कादंबरीने त्याला कपड्यांच्या जाळीदार टोपलीत, जुन्या पडद्यात, काय काय गुंडाळून वाचवला, आणि उशिरा का होईना, त्याला शेंगा धरल्या.

मी शनिवार-रविवार सकाळी योगा मॅट टाकून पालथा पडायला लागलो. वॉल्टची परवानगी घेतली होती, कारण त्याचं घर जवळ आहे. त्याने परवानगी दिली आणि मांजर घरात घेतली. पण ग्राउंडहॉग येऊन बसायचा तो नेमका वेलाच्या पुढे. त्याच्या मागे काय आहे? वेल. नियम म्हणजे नियम. मी गोळी न झाडता पडून राहायचो. तो मागच्या पायांवर उभा राहून, पुढचे दोन पाय छातीशी धरून माझ्याकडे बघायचा. देवळात वाट बघणाऱ्या यजमानासारखा. दुर्बिणीतून तो इतका जवळ दिसायचा की मला मिशा मोजता यायच्या. तीन आठवडे असेच गेले. खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती, आणि त्याला माझी तर फारच.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी तो डाव्या बाजूला आला. मागे मातीचा उंच बांध. वेल त्याच्यापासून चार फूट दूर. कारण काढायला जागाच नव्हती. मी श्वास रोखला, शिकवलं होतं तसा चाप हळू मागे ओढला. फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. ग्राउंडहॉगने मान वळवली आणि वेलाकडे पाहिलं. मीही पाहिलं. वेल मुळापासून दोन बोटांवर तुटून मांडवाला लोंबत होता.

मग ग्राउंडहॉग सावकाश बिळात गेला.

कादंबरी स्वेटर घालत बाहेर आली. तिने वाकून बुंधा पाहिला, तुटलेलं टोक हातात घेतलं.

"नेम कशावर धरला होतास?"

"त्याच्यावर."

"तो कुठे होता?"

"तिथे."

तिने दोन्ही जागा नजरेने मोजल्या. "बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' दोन दिवस टिकलं. माझ्यावर ओरडली असती तर मी सुटलो असतो. पण तिने तो आख्खा वेल मांडवावरून अलगद सोडवला, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धरून आणावं तसा घरात आणला आणि हीटरजवळच्या दोरीवर टांगला. रात्री मी रायफल पेटीत ठेवून तिची किल्ली कादंबरीकडे दिली. तिने ती मसाल्याच्या कपाटात टाकली.

मंगळवारी पहाटे दहिवर गोठलं. सकाळी बघतो तर दुधी, टोमॅटो, मिरच्या, सगळं काळंठिक्कर होऊन माना टाकून उभं. जमिनीत असता तर तो वेलही शेंगांसकट गेला असता. घरात टांगलेल्या शेंगा मात्र खडखडीत वाळल्या. कादंबरीने रविवारी त्या सोलल्या. एकतीस वाल निघाले, चांगले टणक.

ती ते तळहातावर घेऊन खिडकीपाशी बराच वेळ उभी होती. म्हणाली, "आईचे वाल राहिले."

मी टरफलं गोळा करायला लागलो.

"तुझ्यामुळे असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण राहिले." आणि तिने माझ्यासाठी चहा टाकला.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण त्यानंतर ग्राउंडहॉग दिसेनासा झाला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, एकदाही नाही. माझ्या लक्षात आलं की त्या एका गोळीचा त्याने धसका घेतला होता. ऑफिसात सांगितलं. सिद्धेशला फोन करून सांगितलं. फूड कमिटीच्या ग्रुपवर, आधीचा गैरसमज दूर करायचा म्हणून, जरा सविस्तर लिहिलं. परिणाम असा झाला की मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात विनयनी स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. "प्राण्याला न मारता केवळ दरारा निर्माण करणारे श्रीरंगराव," असं ते माइकवर म्हणाले. शोभनाकाकूंनी पुढच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. मी चार शब्द बोललो. (नऊ मिनिटं.)

दुसऱ्या दिवशी मी अंगणात पानं गोळा करत होतो. कुंपणापलीकडे वॉल्ट होता. त्यालाही मी ती हकीकत सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"श्री," तो म्हणाला, "ते ऑक्टोबरात झोपतात. थंडी पडली की बिळात जातात ते मार्चमध्ये उठतात."

"म्हणजे माझ्या गोळीमुळे नाही?"

वॉल्ट विचार करून बोलणारा माणूस आहे. "आवाजाने त्याची झोप थोडी लांबली असेल," तो म्हणाला.

मी घरात आलो. कादंबरी खिडकीतच होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"रुहीने सप्टेंबरातच सांगितलं होतं."

"मग सत्काराच्या आधी बोलली का नाहीस?"

"शाल चांगली होती," ती म्हणाली.

तेवढ्यात विनयचा फोन आला. त्यांच्याही बागेत तसलाच एक होता, गेल्या उन्हाळ्यात त्याने सगळी भेंडी खाल्ली होती. येत्या जूनमध्ये मी एकदा येऊन जाईन का, जेवायलाच यावं, माझ्या नुसत्या येण्याने काम होईल, असं ते आग्रहाने म्हणाले.

मी म्हटलं, जूनमध्ये कठीण आहे. पण नोव्हेंबरात नक्की येतो. नोव्हेंबरात माझा नेम चुकत नाही.