कर्नलचं औषध आणि ताईंची चॉकलेटं

"बेकरीतून कशाला मागवताय, डॉक्टर? ट्रफल म्हणजे काय, शेवटी चॉकलेटचे लाडूच ना! डोळे मिटून वळून दाखवते!"

ताई असं म्हणाल्या आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

ताई म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या ताई. फोन घ्यायचा, नंबर लावायचा आणि मांजरवाला नि कुत्रेवाला एका बाकावर बसू द्यायचे नाहीत, हे त्यांचं काम. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याला सुट्टी होती. त्याआधी डॉक्टरांना जजसाहेबांना काहीतरी गोड द्यायचं होतं. हे निवृत्त जजसाहेब दवाखान्याचे जुने हितचिंतक. नवे पिंजरे त्यांनीच दिले होते. त्यात संध्याकाळी त्यांच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच चहाला यायची होती.

"तुम्हाला येतं ना नक्की?" डॉक्टरांनी भीत भीत विचारलं.

"व्हिडिओ पाठ आहे माझा!"

व्हिडिओतली बाई हसत हसत करत होती. दुकानातले पाकीटबंद केक आणायचे, कुस्करायचे, त्यात क्रीम चीज कालवायचं, गोळे वळायचे, फ्रिजमध्ये गार करायचे आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून काढायचे. शेंबडं पोरही करील!

ताईंनी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याच्या मागच्या खोलीत घाट घातला. गोळे झकास झाले. पण चॉकलेट वितळवताना नेमका फोन वाजला. एका बाईंचा पोपट दोन तास बोलत नव्हता. त्यांची समजूत घालून ताई परत येईपर्यंत चॉकलेटचं डांबर झालं होतं. चमचा उभा केला तर उभाच राहिला!

आता आली का पंचाईत! पण हार मानतील तर त्या ताई कसल्या? त्यांनी सगळे गोळे सरळ कोकोच्या पावडरीत घोळवले आणि स्टीलच्या डब्यात भरून, झाकण न लावता, फ्रिजमध्ये ठेवले.

त्याच फ्रिजमध्ये, तसल्याच स्टीलच्या डब्यात, डॉक्टरांचं स्वतःचं संशोधनही उघडंच गार होत होतं. कुत्र्यांना जंताची गोळी गिळवणं म्हणजे महाकर्मकठीण. म्हणून डॉक्टर शेंगदाण्याचं कूट, ओट्स आणि सुपाची पूड एकत्र मळून, मध्ये अर्धी अर्धी गोळी दडवून, छान तपकिरी लाडू वळत. हा डबा हेडबाईंच्या कर्नलसाठी होता. हेडबाई म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, आणि कर्नल म्हणजे त्यांचा लठ्ठ, तिरसट कुत्रा.

दोन्ही झाकणांवर डॉक्टरांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ताईंनी झाकणं लावली. फक्त याचं त्याला नि त्याचं याला!

चारच्या सुमाराला हेडबाई येऊन आपला डबा घेऊन गेल्या. पाठोपाठ जजसाहेबांचा ड्रायव्हर आला. ताईंनी डब्याला रिबन बांधून दिली आणि स्वतःवरच खूश होत टेबल आवरायला घेतलं.

दिवेलागणीला फोन वाजला.

"ताई, मी जज बोलतोय. अहो, काय चॉकलेटं केलीत! पाहुण्यांनी डबा निम्मा केला! फार गोड नाहीत, हे त्यांना विशेष आवडलं. पण मध्ये ते पांढरं, कडसर काय लागतं हो? आमच्या होणाऱ्या विहीणबाई विचारताहेत."

ताईंच्या पायाखालची फरशी सरकली. डोळ्यांपुढे विहीणबाई, मोडलेलं लग्न आणि कोर्टाची पायरी, सगळं एकदमच उभं राहिलं.

"ते... ते औषधी असतं," त्या कशाबशा म्हणाल्या आणि फोन ठेवून आतल्या खोलीकडे धावल्या.

"डॉक्टर! घात झाला! जजसाहेबांच्या पाहुण्यांनी कर्नलच्या गोळ्या खाल्ल्या!"

डॉक्टर हात धूत होते. "खाऊ देत. माणसांनाही तेच औषध देतात. जंत असतील तर जातील, नसतील तर..." आणि एकाएकी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माणसांचं सोडा हो! कर्नल! चॉकलेट कुत्र्यांना विष असतं!"

ताई मटकन खाली बसल्या, आणि लगेच उठल्याही. हेडबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच. डॉक्टरांनी बॅग घेतली, ताईंनी मागे बसून डॉक्टरांचा शर्ट धरला आणि स्कूटर सुटली. प्रत्येक सिग्नल जणू ताईंचं तोंड बघूनच लाल होत होता. वाटेत त्यांनी त्या तिरसट कुत्र्याची मनोमन शंभरदा माफी मागितली. काउंटरवरून त्याला 'ढोल्या' म्हणाल्याबद्दल तर वेगळी!

हेडबाईंनी दार उघडलं. "बूट बाहेर!"

"कर्नल कुठंय?" दोघंही एकदम ओरडले.

कर्नल हॉलच्या मधोमध चारी पाय ताणून आडवा पडला होता. जीभ बाहेर. हालचाल शून्य!

"गेला!" ताईंनी हंबरडाच फोडला. डॉक्टर बुटांसकट धावले, गुडघ्यावर बसले आणि त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. कर्नलने एक डोळा उघडला, डॉक्टरांकडे बघून गुरगुरला आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागला.

"झोपमोड कशाला करताय त्याची?" हेडबाई कडाडल्या. "आणि फोन बागेत ऐकू येत नाही मला! काय झालंय काय?"

"त्यानं गोळी खाल्ली का? किती खाल्ल्या?"

"एक पुढे केली. त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसरी दिली, ती पंजानं लांब ढकलली. हाच कुत्रा माझी चप्पल आवडीनं खातो! म्हणून शेवटी मीच चाखून पाहिली." हेडबाईंनी नाक मुरडलं. "स्पष्ट सांगते डॉक्टर, शिळा पाकिटातला केक कुस्करल्यासारखी लागते! कुत्रा झाला म्हणून काय झालं, त्यालाही चव असते!"

ताईंना एवढा अपमान आयुष्यात कुणी केला नव्हता आणि एवढा आनंदही कुणी दिला नव्हता. त्या हसत रडत होत्या की रडत हसत, ते त्यांनाही कळेना.

आता उरले जजसाहेब. डॉक्टर म्हणाले, खरं सांगायलाच हवं. त्यांनी तिथूनच स्पीकरवर फोन लावून सगळं सांगितलं, धोका नाही हेही सांगितलं. ताईंचा जीव पुन्हा टांगणीला.

"डॉक्टर," जजसाहेब हळूच म्हणाले, "पाहुण्यांना मी समजावतो. लग्न मात्र ठरलं हो! आणि उरलेला डबा विहीणबाई घरी घेऊन चालल्यात, तो आधी काढून घेतो. त्यांना बदल्यात काहीतरी द्यायला हवं."

ताईंना हुरूप आला. त्या फोनकडे वाकल्या. "साहेब, माझी खरी चॉकलेटं जशीच्या तशी आहेत! आत्ता आणून देते!"



"नको, ताई, तुम्ही आता अजिबात त्रास घेऊ नका," जजसाहेब घाईघाईनं म्हणाले. "डॉक्टरांनाच वळू द्या. फक्त मधली गोळी तेवढी घालू नका म्हणावं."