सॅम्पलची जोडी

सन २०१३, हिवाळा सरत आलेला. उस्तादांनी ठरवलं, सूनबाईचा लॅपटॉप आपण सुधारायचा.

उस्ताद बूट शिवत. जन्म कारखान्यात गेला, आता घरीच पुढच्या खोलीत बैठक मांडली होती. बैठकीला खेटून सूनबाईचं टेबल. ती घरांचे नकाशे काढी. स्वतःचं पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं आणि शुक्रवारी नकाशे द्यायचे होते. लॅपटॉप मात्र असा रडतखडत चाले, की तिने एक भिंत काढावी आणि ती उमटेपर्यंत भांडी घासून यावं.

"याचा मेंदूच थकलाय, बाबा," ती म्हणाली. "प्रोसेसर म्हणतात त्याला. नवा परवडणार नाही."

उस्ताद तडक जुन्या सामानाच्या गल्लीत गेले. दुकानदाराने प्रोसेसरची बिस्किटाएवढी चौकोनी चकती पुढे केली.

"बाजारात येण्याआधीचा आहे. कंपनीने तपासायला काढलेला, इंजिनिअरिंग सॅम्पल. चालला तर चालला, परत घेणार नाही."

'सॅम्पल'च्या पुढचं उस्तादांनी ऐकलंच नाही. कारखान्यात सॅम्पलचा बूट कोण शिवायचं? उस्ताद! व्यापाऱ्याला दाखवायचा बूट म्हणजे उत्तम कातडं आणि बारीक टाका. मागून निघणारा माल त्याच्यापुढे पाणी भरायचा. असा सॅम्पल हा माणूस स्वस्तात विकतोय म्हणजे त्याला अक्कल नाही, हे उघड होतं.

"दोन द्या."

"अहो, आत एकच बसतो."

"कळतं मला. पण एकच कोण घेतं?" (ज्याचा जन्म बुटांत गेला, त्याला एकटी वस्तू अपुरी वाटते. उस्तादांचे चष्मेही दोन होते. दोन्ही सापडत नसत.)

गुरुवारी सकाळी सूनबाई जागेची मापं घ्यायला गेली. उस्तादांनी लॅपटॉप उघडला.

"तिला विचारलंत का?" दारातून बायको म्हणाली.

"चांगलं काम विचारून करत नाहीत."

"मग निदान वाईट तरी विचारून करा."

उस्तादांनी जुना मेंदू उपटून खिळ्यांच्या डब्यात टाकला आणि पहिला सॅम्पल बसवला. पंखा घुमला, पडदा काळाच. दुसरा बसवला. पंखाही घुमेना.

"डावा-उजवा बघितलात का?" बायकोने विचारलं.

उस्तादांनी खरंच उलटून बघितलं.

सूनबाई आली. ओरडली नाही. काळ्या पडद्याकडे बघत एवढंच म्हणाली, "उद्या शुक्रवार आहे, बाबा."

उस्तादांनी लॅपटॉप, दोन्ही सॅम्पल आणि खिळ्यांचा डबा उचलला आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंचं दुकान गाठलं.

"हे सॅम्पल ना, कंपनी स्वतःच्या चुका शोधायला काढते, काका," बाई म्हणाल्या. "तुमच्या मशीनला ते ओळखूच येत नाहीत."

"सॅम्पलमध्ये चुका?" उस्तादांना कुणी घराणं काढल्यासारखं लागलं.

बाईंनी डब्यातून जुना प्रोसेसर शोधला, त्याच्या वाकलेल्या पिना एकेक करून सरळ केल्या. मग पंखा उघडला आणि आतून तपकिरी रंगाची जाड गादीच ओढून काढली.

"हे काय हो?"

उस्तादांनी ती चिमटीत धरली. वास घेतला. कातड्याचा भुसा! तळ घासताना उडतो तो.

"मेंदू ठणठणीत आहे, काका. श्वास कोंडला होता बिचाऱ्याचा."

"कुणी कोंडला?" उस्ताद गरजले.

बाईंनी त्यांच्या भुशाने माखलेल्या बाह्यांकडे बघितलं. उस्तादांनी त्या झटकल्या. बाईंनी पटकन लॅपटॉप बाजूला घेतला.

बटण दाबताच पडदा उजळला. उस्तादांनी खिसा चाचपला, पण खिसा सॅम्पलांनी रिकामा केला होता.

"पैसे राहू द्या," बाई म्हणाल्या आणि टेबलाखालून पाय पुढे केला. बुटाने तळाशी आ वासला होता. "एक जोड शिवून द्या."

शुक्रवारी नकाशे वेळेवर गेले. गिऱ्हाइकाने भावाच्या घराचंही काम सूनबाईलाच दिलं. उस्तादांची बैठक मागच्या खोलीत गेली; कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःच उचलून नेली.

पुढे बूट तयार झाले. उस्ताद ते घेऊन दुकानात गेले. बाईंनी बूट उलटा करून टाके न्याहाळले.

"सॅम्पल तर नाही ना, काका?"

उस्तादांनी घसा खाकरला. आयुष्यात जे तोंडातून कधी निघालं नव्हतं, ते निघालं.

"छे, छे. साधा माल आहे."

बाईंनी बूट चढवले, नाड्या आवळल्या, चार पावलं चालून बघितलं. उधारी फिटली.