घरची काडतुसं

आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरनं कळतं. सर्जेराव आप्पांच्या घरात काय शिजतंय ते आप्पांवरनं कळतं. काकूंनी कुकर गॅसवर चढवला की आप्पा घराबाहेर. हातात पेपर, पाठ घराकडं, खांदे पार कानाला टेकलेले. तीन शिट्ट्यांत आत गेले तर भात. फाटकापुढं येरझाऱ्या घालत राहिले तर हरभरे. आणि चालत चालत कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत पोचले, तर समजायचं आज मटण आहे. मग येणारा-जाणारा विचारतो, "काय आप्पा, आज बेत दिसतोय?" आप्पा म्हणतात, "व्हय. शिट्ट्या थांबल्या की या जेवायला."

नाव बघा, सर्जेराव. ह्या नावाचा माणूस घोड्यावर पाहिजे. आमचे आप्पा स्कूटरवर असतात, तेसुद्धा मागं. चालवतात काकू. आप्पा दोन्ही पाय खाली सोडून रस्ता घासत येतात, म्हणजे ब्रेक लागला नाही तर पाय आहेत. महिन्याला एक चप्पल झिजते.

मी त्यांचा वरच्या खोलीतला भाडेकरू. गाव गडहिंग्लज, इथं मोबाईलच्या दुकानात कामाला. मला नकला करायची खोड शाळेपासनं, आणि आप्पांच्या नकलेवर मी कोल्हापुरात लई चहा फुकट प्यालोय. सोपी आहे. मागं कायतरी फुटणार आहे असा चेहरा करायचा आणि म्हणायचं, "रिक्स नगो." आप्पांचा शब्द. पंख्याखाली झोपायचं? रिक्स नगो, कोपऱ्यात तिरकं झोपू. बारशाला फुगे लावलेत? रिक्स नगो, आपण आहेर देऊन भाईरनंच जाऊ.

तर अशा माणसाच्या पोटी रुतुजा जन्मली. रुतू बारा बोरची बंदूक चालवते. मातीची तबकडी हवेत सुटते, ती खाली पडायच्या आत छर्रे मारून फोडायची, असला खेळ. कॉलेजात नाद लागला आणि पोरगी निघाली पक्क्या नेमाची. परवानगीच्या कागदावर सही काकूंनी केली, कारण आप्पांच्या हातात पेनच ठरेना. बंदूक लोखंडी कपाटात कुलपात असते, तरी त्या कपाटापुढनं आप्पा आडवे होऊन जातात.

पण दर रविवारी तिला रेंजवर पोचवायला जाणार आप्पाच. पोचवायचं म्हणजे फाटकापर्यंत. बाहेर झाडाखाली बसायचं, कानात कापूस, तोंड हायवेकडं. आत बार झाला की प्रत्येक वेळी आप्पा जागच्या जागी उडायचे. सराव संपेपर्यंत रुतूपेक्षा तेच जास्त दमलेले.

मग एकदा ते झालं. जेवताना रुतू सहज बोलून गेली, आज एक काडतूस उडालंच न्हाई, नुसतं खट्याक झालं. रेंजवरच्या सरांनी शिकवल्यासारखी मी बंदूक पुढं धरून थांबले, मग उघडून काढून टाकलं, कायच झालं न्हाई.

"तेच म्हणतोय मी," आप्पा म्हणाले. "कायच झालं न्हाई. व्हायला पायजे होतं न्हवं?"

त्या दिवसापासनं आप्पांचं जेवण गेलं. आठवडाभरानं त्यांनी निकाल दिला. परत एकदा असं कायबी झालं, तर बंदूक परत आणि खेळ बंद. राज्याची निवड चाचणी त्याच वर्षात होती. रुतूनं ताटातली भाकरी तशीच ठेवली आणि उठली. काकू तीन दिवस आप्पांशी बोलल्या नाहीत. कुकर लावायच्या आधी सांगतसुद्धा नव्हत्या, ही मोठीच शिक्षा.

आप्पांना मग रात्रंदिवस एकच विचार. काडतूस भरतंय कोण? कुठल्या कारखान्यात, कसल्या मनस्थितीत? त्याचं घरात भांडण झालेलं असलं तर? एका सकाळी जिन्यातनंच मला हाक मारली.

"आपण चटणी भाईरची खातो का रं?"

म्हटलं, नाही.

"का खात न्हाई?"

म्हटलं, काय घालतात कुणाला माहीत.

"मग काडतूस?" आप्पा म्हणाले.

मला वाटलं, बोलून मोकळे झाले. पण कुकरला भिणारा हा माणूस खरंच ऑफिसांच्या पायऱ्या झिजवू लागला. काडतूस घरात भरायची परवानगी म्हणजे साधं काम नव्हे. साहेब विचारायचे, अनुभव काय? आप्पा सांगायचे, भीती. जन्मभराची. साहेबांनी वर बघितलं असणार. पण सरांनी शब्द टाकला, घर बघायला माणसं येऊन गेली, आणि परवानगी मिळाली. मॅचला घरचं काडतूस चालत नाही, हे सरांनी आधीच सांगितलेलं. आप्पा म्हणाले, सरावाला तरी घरचं.

मग पार्सल आलं. उघडलं तर लिंबू पिळायच्या यंत्राचा थोरला भाऊ. खाली रिकामी पुंगळी ठेवायची, दांडा ओढायचा, टोपी, दारू, छर्रे एकेक करून आत जाणार, शेवटी पुंगळीचं तोंड मिटणार. पण हा प्रेस, म्हणजे हे यंत्र, हलता कामा नये. जेवायचं टेबल डुगडुगायचं. काकूंचा स्वयंपाकाचा कट्टा पक्का होता. काकू म्हणाल्या, "माझ्या कट्ट्याला भोक पाडलंसा तर त्योच बोल्ट तुमाला मारीन." शेवटी जागा ठरली, माझ्या शेजारची मोकळी खोली. मधे एका विटेची भिंत. भिंतीच्या त्या अंगाला प्रेस, ह्या अंगाला माझी उशी. मी कॉट फिरवून तिकडं पाय केले. मग वाटलं, पायसुद्धा लागतात की. कॉट परत फिरवली.

उद्यमनगरातनं लोखंडी टेबल वेल्डिंग करून आलं. वर चढवताना हमालानं विचारलं, "पावणं, हत्ती बांधणार काय?" बोल्ट अंगठ्यापेक्षा जाड. आवळून झाल्यावर आप्पांनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि मला माझ्या खोलीत उड्या मारायला लावल्या. पाणी हललं. परत पाना. परत उड्या. खालनं काकू विचारतायत, वर काय चाललंय. काय सांगणार?

नियम झाले. खोलीत मोबाईल नाही. नायलॉनचा शर्ट नाही. शिरायच्या आधी नळाला हात लावायचा, अंगातली वीज उतरायला. दाराशी वाळूची बादली, पाण्याची बादली, ओली पोती. आणि सगळ्यात कडक नियम काकूंना, आप्पा वर असताना खाली फोडणी द्यायची नाही. मोहरी तडतडली की आप्पांचा हात दांड्यावरनं सुटायचा. आठवडाभर आम्ही बिनफोडणीची आमटी खाल्ली.

पूजाही झाली. उदबत्ती नुसती दाखवली, पेटवली नाही. निरांजन बॅटरीवरचं. नारळ फोडला तो गल्लीच्या तोंडाला जाऊन. शेजारच्या पाटीलकाकांनी त्याच दिवशी आपली गाडी पलीकडच्या बोळात लावायला सुरुवात केली. पाटीलकाकू कुंपणावरनं विचारत होत्या, "अवं, आप्पा वर दारू घिऊन बसत्यात म्हणं?" काकू म्हणाल्या, "घिऊन न्हाई, भरत बसत्यात. घेतली असती तर परवडलं असतं."

आधी कितीतरी दिवस नुसत्या रिकाम्या पुंगळ्या. भिंतीपलीकडनं दांड्याचा आवाज यायचा, खटाक, खटाक. आवाज यायचा तेव्हा मी दचकायचो आणि थांबायचा तेव्हा श्वास धरायचो. खऱ्या दारूचा दिवस आला तेव्हा मी चप्पल घालून रंकाळ्याला निघालोच होतो. आप्पांनी जिन्यात गाठलं.

"तू हितंच बस. काय झालं तर फोन कोण करणार?"

म्हटलं, आप्पा, फोन तुम्ही खाली ठेवायला लावलाय.

आप्पा जिना धरून उभे राहिले. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आता आणखी काय काय लक्षात आलं नसेल, हे त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. तरी ते गेले. एकेक काडतूस करायला इतका वेळ घेत होते की तेवढ्यात काकूंच्या चपात्या झाल्या असत्या. दारू तोलायची, परत तोलायची, चष्मा पुसून परत. मी दारात ओल्या पोत्यावर बसलेलो. पण तोंड मिटवायच्या आधी प्रत्येक वेळी म्हणायचे, "जरा तिकडं बघ." कोणी बघितलं की हात थरथरतो म्हणे. मी तिकडं बघायचो. मला काय, भिंतच बघायची होती.

रविवारी सगळे रेंजवर. सरांनी काडतुसं उलटसुलट करून बघितली, तोलून बघितली आणि म्हणाले, "आप्पा, काम नीट दिसतंय." आप्पांना हे ऐकूनसुद्धा घाम फुटला. कानात कापूस घालून ते झाडाखाली जाऊन बसले आणि मला आत पाठवलं, व्यवस्थित असलं तर हात वर कर म्हणून.

रुतू उभी राहिली. खांद्याला बंदूक लावली, "पुल" म्हणाली, म्हणजे तबकडी सोडा. तबकडी सुटली, बार झाला, तबकडी फुटली. मी हात वर करणार, तेवढ्यात दिसलं. रुतूच्या बंदुकीपुढं हवेत गुलाबी ढग.

"बंद," सर म्हणाले. "कोण हलायचं न्हाई."

 रुतूनं बंदूक उघडून खाली ठेवली. सरांनी नळीत बघितलं, बोट फिरवलं. बोट गुलाबी. त्यांनी एक काडतूस बाजूला नेऊन चिरलं. काळे छर्रे, आणि त्यांच्यात चिमूटभर गुलाल. सर वास घेत राहिले, मला तर वाटलं चाखूनसुद्धा बघतात काय.

रुतू सरळ फाटकाकडं चालू लागली. मागं सर, मागं मी. माझा हात वर गेला नव्हता म्हणून आप्पा आधीच उठून उभे होते.

"आप्पा, काडतुसात काय घातलायसा?"

आप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, जोतिबाचा गुलाल. जरासाच.

सर तापले होते, पण आवाज चढवला नाही. ह्यात काय घालायचं नि काय नाही ह्याला नियम असतात, आज पोरीच्या हातात काहीही झालं असतं, आणि हे वर कळवलं तर परवानगी जाईल, असं त्यांनी सांगितलं. आप्पा नुसती मान हलवत होते. "पोरीच्या हातात" म्हटल्यावर ती मानही थांबली.

"तुमीच म्हणालतासा," रुतू म्हणाली. "परत काय झालं तर बंद. आता झालं. सांगा, बंद करू?"

 चाचणी पुढच्या महिन्यात होती आणि तिचं सगळं आप्पांच्या एका शब्दावर होतं. आप्पांनी एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या. दोन्ही बोळे मुठीत धरून उभे राहिले.

"मागल्या टायमाला तू पुल म्हणालीस, नि बार आला न्हाई," ते म्हणाले. "मी उठलो. हितपत्तर आलो. फाटकाला हात लावला नि पायच उचलंनात. आत माझी पोरगी, नि मी फाटक धरून हुबा. घरात कुणाला सांगितलं न्हाई."

रुतू एक पाऊल पुढं आली.

"मला आत यायला जमत न्हाई, रुतू. म्हणून म्हटलं, जोतिबा तरी ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. परतेकात थोडा थोडा."

ह्यावर सरसुद्धा हायवेकडं बघायला लागले. मग म्हणाले की घरची सगळी काडतुसं त्यांच्याकडं जमा करायची आणि ते स्वतः येऊन प्रेस बघेपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. आप्पा म्हणाले, बरोबर हाय.

"मग बंद करू?" रुतूनं परत विचारलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले. एवढंच.

रुतूनं त्यांचा दंड धरला. "मग देव ऱ्हाऊ दे देवळात. तुमी या."

फाटकातनं आत यायला आप्पांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी गडहिंग्लजला जाऊन आलो असतो. दोन पावलं, थांबले. तीन पावलं, थांबले. रुतूनं दंड सोडला नाही आणि ओढलंही नाही. सरांनी नळी पुसून, आरपार तपासून बंदूक परत दिली. आप्पांच्या कानावर मोठं हेडफोनसारखं कव्हर चढवलं. आप्पांनी डोळे घट्ट मिटलेले.

क्लबातली काडतुसं रुतूच्या कमरेच्या पिशवीत होती. तिनं ती पिशवी सोडली आणि आप्पांच्या गळ्यात अडकवली. कानावर कव्हर, त्यामुळं बोलून उपयोग नव्हता. ती आपल्या जागेवर गेली, तोंड पुढं केलं आणि उजवा हात पाठीमागं धरला, तळवा वर.

आप्पांना डोळे उघडावे लागले. पिशवीत हात घातला, एक काडतूस काढलं, चारी बाजूंनी बघितलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं. ठेवलं, पण बोटं काढली नाहीत. मागं रांगेत उभी असलेली पोरं चुळबुळ करायला लागली, सरांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. रुतू हात तसाच धरून, समोर बघत उभी राहिली. आप्पांची बोटं सुटेपर्यंत.

मग बार झाला. आप्पा उडाले. आणि रुतूचा हात परत मागं आला.