चर्चपाशी घ्यायला येऊ का?

तारा नावाच्या डोंगरावर जायचं आपल्या मनातच नव्हतं, असं टानेल हल्ली सांगतो. ते साफ खोटं आहे. त्या शनिवार-रविवारची सगळी उठाठेव त्याची एकट्याची होती. चूक झाली ती आदल्या दिवशी, फोनवर. गेस्ट हाउसवाल्या रात्कोकाकांनी आपणहून विचारलं होतं, "चर्चपाशी घ्यायला येऊ का? आमच्याकडे घरं पांगलेली आहेत, नवख्याला सापडत नाहीत." आणि टानेल म्हणाला, "कशाला उगाच? मला नकाशा वाचता येतो."

असं म्हणायचा त्याला अधिकार होता. एस्टोनियाहून सर्बियातल्या नोवी सादला तो एका सत्रापुरता शिकायला आला होता, तेही नकाशे काढण्याचंच शास्त्र. शिवाय फोन करताना शेजारी लिओनोर उभी होती. लिओनोर सोमवारी पोर्तुगालला कायमची परत जाणार होती, आणि शनिवारी संध्याकाळी डोंगराच्या कड्यावर तिला मनातलं सांगून टाकायचं, असा टानेलचा बेत होता. ज्या मुलीला कड्यावर न्यायचं, तिच्यादेखत "मला चर्चपाशी घ्यायला या" कसं म्हणणार? (म्हणायला हवं होतं. हे त्याला पुढे फार वाटलं.)

गाडी भाड्याची होती. चालवायला इटलीचा फुल्वियो, मागे लिओनोर, आणि गाडी सुरू झाली की डोळे मिटणारी पोलंडची किंगा. टानेल पुढे बसून रस्ता सांगत होता. बर्फ पडलेलं होतं. दोनदा एकाच गोठ्यापाशी पोचल्यावर फुल्वियो म्हणाला, "ही गाय मला आता ओळखायला लागली आहे." तेवढ्यात टानेलचा फोन बंद पडला. उरलेला रस्ता त्याने अंदाजाने सांगितला, आणि चढावरचं एक घर दाखवून म्हणाला, "हेच."

ते घर मिलोये नावाच्या शेतकऱ्याचं होतं. आणि तो दिवस संत निकोलाचा, म्हणजे अर्ध्या गावाच्या घरच्या संताचा सण होता. त्यांच्यात या सणाला स्लावा म्हणतात. स्लावाचं कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला तू कोण, कुठला, असं यजमानाने विचारायचं नसतं. शिवाय मिलोयेची मुलगी नोवी सादला शिकत होती. त्याला वाटलं, तिचेच मित्र असतील, ती मागून येत असेल. त्याने दार सताड उघडलं आणि म्हणाला, "या, या, गारठलात."

"बघितलंत?" टानेल बाकीच्यांना म्हणाला. "वाटच बघत होते."

मिलोयेची बायको स्तानिया काचेच्या वाडग्यात अक्रोड घातलेला गोड गहू घेऊन पुढे आली. त्यातला एक चमचा तोंडात घालायचा, चमचा शेजारच्या पाण्याच्या पेल्यात टाकायचा, असा प्रसाद असतो तो. टानेलला वाटलं, स्वागताचा नाश्ता. त्याने आख्खा वाडगा तिच्या हातातून घेतला, टेबलाशी बसला आणि अर्धा फस्त केला. स्तानिया क्षणभर रिकाम्या हातांकडे बघत राहिली, मग आत जाऊन उरलासुरला गहू दुसऱ्या वाडग्यात घालून आली. लिओनोरने एक चमचा घेतला आणि बाकीचे काय करतात ते बघत उभी राहिली.

मग टानेलने हॉटेलात आल्यासारखं वागायला सुरुवात केली. (इथून पुढचं आठवलं की तो आजही उशीत तोंड खुपसतो.) त्या दिवशी घरच्या यजमानाने बसायचं नसतं, उभं राहून सगळ्यांना वाढायचं असतं. त्यामुळे मिलोये खांद्यावर फडकं टाकून टेबलाभोवती फिरत होता, आणि टानेल त्याला मीठ, पाणी, दुसरा काटा आणायला सांगत होता. दिवस उपवासाचे. घरात मासे, घेवडा, लोणची यांची रेलचेल. पण दूध, लोणी, मांस काही नाही. टानेलला कॉफीत दूध हवं होतं. मिलोयेने कपाळाला आठी न घालता जाकीट चढवलं आणि बर्फातून खालच्या वाडीवर जाऊन कुणाच्या तरी तान्ह्या नातवासाठी ठेवलेलं दूध आणलं. टानेल म्हणाला, "थोडं गार आहे."

मग त्याने खोल्या बघायला मागितल्या. मिलोयेने बायकोकडे बघितलं, बायकोने मान हलवली, आणि त्यांनी आपलीच निजायची खोली दाखवली. टानेलने गादी हाताने दाबून पाहिली आणि चादरी बदलायला सांगितल्या.

लिओनोर तेव्हा दाराशी होती. ती स्तानियाबरोबर चादरी ओढायला लागली, आणि तिथून जी स्वयंपाकघरात गेली ती टेबलाशी परत आलीच नाही. टानेलला वाटलं, मुलगी लाजली.

टेबलावर टानेलच्या ताटाशेजारी एक जाड, उंच मेणबत्ती जळत होती. स्लावाची. ती सकाळी पेटवतात आणि दिवसभर कुणी हात लावत नाही. तिचं मेण टानेलच्या माशाकडे ओघळायला लागलं, म्हणून त्याने वाकून फुंकर मारली.

टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. एका म्हातारीने छातीवर क्रुसाची खूण केली. फुल्वियोसुद्धा चघळायचा थांबला. मिलोये शांतपणे पुढे आला, खिशातून काड्या काढून मेणबत्ती परत पेटवली आणि सगळ्यांना म्हणाला, "वारा आला वाटतं."

खिडक्या बंद होत्या. पण यजमान म्हणतो वारा, म्हणजे वारा. लोक पुन्हा जेवायला लागले.

टानेलच्या डाव्या हाताला एक जाडजूड गृहस्थ बसले होते. ते केव्हाचे कुरकुरत होते, की सकाळपासून खोल्या तापवून ठेवल्या आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नाही, फोनही लागत नाही. टानेलने त्यांचं सांत्वन केलं. असल्या माणसांना शिस्त नसते, दुसऱ्याच्या वेळेची किंमत नसते, असं तो तीन महिन्यांत शिकलेल्या सर्बियनमध्ये म्हणाला. गृहस्थांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "लाखातलं एक बोललास. थांब, अजून एकदा लावून बघतो."

भिंतीशी चार्ज व्हायला लावलेला टानेलचा फोन नुकताच जिवंत झाला होता. तो वाजला. टानेलने उठून उचलला.

"हॅलो," तो म्हणाला.

"हॅलो," मागून रात्कोकाका म्हणाले.

कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग मिलोयेच हसला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळं घर हसलं. टानेल चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल झाला. चुकतमाकत माफी मागायला लागला, तेव्हा मिलोये त्याच्या पेल्यात वाइन ओतत म्हणाला, "बस रे बाळा. आलास ना? मग तू आमचाच पाहुणा."

लिओनोर तेवढी हसली नाही. हात पुसत ती बाहेर आली आणि त्याला पडवीत घेऊन गेली. कडा तिथून दिसत होता, सूर्यही नेमका मावळत होता. सगळं बेतानुसार होतं.

"तू मेणबत्ती विझवलीस ती स्वयंपाकघरातून दिसली, तेव्हाच मला शंका आली होती," ती म्हणाली. "वाट काय, कुणीही चुकतं, टानेल. पण तुला ते नोकर वाटले, म्हणून तू तसा वागलास. ते खरंच नोकर असते तर ते चाललं असतं का?"

टानेलचं मनातलं सांगायचं राहिलं ते राहिलंच. सोमवारी विमानतळावर तो तिची बॅग ओढत गेला. ती "नीट राहा" म्हणाली आणि गेली.

वर्षभर त्याला पडवीतलं ते वाक्य सलत राहिलं. आणि मग डिसेंबरात लिओनोरचं सगळ्यांना पत्र आलं, की एकदा स्लावाला गेलेल्याने पुन्हा जायचं असतं असं स्तानिया सांगते, तर मी चालले आहे. बाकी कुणाला जमत नव्हतं. टानेलने मात्र येतो म्हणून कळवलं आणि सुट्टी काढली. माफीचं लांबलचक भाषण सर्बियनमध्ये लिहून तोंडपाठ केलं. या वेळी खोलीही रात्कोकाकांकडेच घेतली.

"चर्चपाशी घ्यायला येऊ का?" त्यांनी विचारलं.

"आता काय काका," टानेल हसला. "आता घर पाठ आहे."

बर्फ गेल्या वर्षीइतकंच होतं. चढ तोच, धुराडं तेच. दार एका अनोळखी तरुणाने उघडलं. जावई असेल, असं टानेलला वाटलं. आत टेबलाभोवती माणसं होती, मेणबत्ती होती. टानेलने बसायला नकार दिला. उभ्यानेच त्याने गव्हापासून चादरींपर्यंत सगळ्याची माफी मागितली, आणि शेवटी मेणबत्ती विझवल्याची. ऐकणाऱ्यांचे डोळे ओलावले. तरुणाने त्याला मिठी मारली.

"पण हा कोण?" कोपऱ्यातल्या आजीने विचारलं. "आणि आपली मेणबत्ती कधी विझली होती?"

"आजी, गप," तरुण दबक्या आवाजात म्हणाला. "पाहुण्याला असं विचारतात का?"

मिलोयेचं घर ओढ्यापलीकडे होतं. पण मासा खाल्ल्याशिवाय त्यांनी त्याला उठू दिलं नाही, आणि माफी मागून झाल्यावर उठून जाणं त्यालाही बरं दिसेना. ओढा ओलांडून तो पोचला तेव्हा उजेड उतरत होता. दारात स्तानियाने गव्हाचा वाडगा पुढे केला, दोन्ही हातांनी घट्ट धरून. टानेलने एक चमचा घेतला, चमचा पाण्यात टाकला आणि तिच्या खांद्यावरून आत बघितलं.

"लिओनोर?"

"अगं बाई, ती नाही भेटली तुला?" स्तानिया म्हणाली. "रात्को सगळ्यांना चर्चपाशीच घ्यायला येतो, म्हणून ती तुझी वाट बघत तिथे जाऊन उभी राहिली होती. फार वेळ थांबली बिचारी. शेवटी बसची वेळ झाली, तेव्हा आमचा निरोप घ्यायला आली आणि गेली."

टानेल उंबऱ्यात उभाच राहिला.

"काही म्हणाली का?"

"म्हणाली ना. 'तो नक्की येईल,' म्हणाली, 'पण आधी गावातली बाकीची घरं करून.'"