सुव्यातला सर्वांत एकटा माणूस

माझा चेहरा पडद्यावर शोभेल, हे मी लग्न झाल्यापासून सांगत आलोय. घरात कोणी मनावर घेतलं नाही. त्यामुळे एका शनिवारी आमच्या बेटावरच्या सुवा शहरात समुद्रभिंतीजवळ बाकावर बसलो असताना मेरेसेइनी नावाची युनिव्हर्सिटीतली मुलगी कॅमेरा घेऊन आली आणि म्हणाली, "काका, मी आपल्या शहरावर छोटी फिल्म करतेय. असेच बसून राहा, काही करू नका," तेव्हा मला जराही आश्चर्य वाटलं नाही. काही न करणं ही तर माझी खासियत! मी बसलो. ती आभार मानून गेली.

त्यानंतर मी नोकरी करतो त्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला आलेला एकही माणूस ही बातमी ऐकल्याशिवाय बाहेर पडला नाही. युनिव्हर्सिटीत फिल्म दाखवायच्या दिवशी मी फुलाफुलांचा बुला शर्ट इस्त्री केला आणि अख्खं घर सोबत नेलं. बायको शिउमती, सासूबाई, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं आणि दुकानातला माझा सहकारी आपिसाइ. पुढची रांग आमचीच होती.

आधी इतरांच्या फिल्म झाल्या. एकीत सगळे समुद्रकिनारी हसत होते, दुसरीत सगळे नाचत होते. एवढं नाचायला या गावात वेळ कोणाला आहे, असं सासूबाईंनी साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं विचारलं. मग आमची फिल्म लागली. पाऊस. रिकामं बसस्टँड. गटारात मोडकी छत्री. व्हायोलिन रडायला लागलं आणि भिंतीएवढा मी आलो. तोंड किंचित उघडं, नजर पाण्यावर. वर मेरेसेइनीचा हळुवार आवाज: "या शहरात माणसाच्या शेजारी माणूस असतो, पण सोबतीला कोणी नसतं." एक साळुंकी माझ्या पायापाशी आली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तीसुद्धा निघून गेली.

मागे कोणीतरी नाक ओढलं. शिउमतीचा हात शेंगदाण्यांच्या पुडीत होता, तो तिथेच थांबला.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. आमचं घर गप्प बसलेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, वादळात छप्पर उडालं तेव्हा.

सकाळी दुकानात आपिसाइनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. त्याच्या बायकोनं नारळाच्या दुधातली मासळी आणि उकडलेला कसावा पाठवला होता. मी म्हटलं, अरे, मला घरी जेवायला मिळतं. तो म्हणाला, हो हो, मिळतच असणार, आणि डबा माझ्याकडे सरकवला. दुपारी मालकांनी बोलावून आठवडाभराची रजा दिली. घरच्यांच्यात राहा, म्हणाले. मी हात जोडले, पण रजेचा कागद निघाला होता.

मग आमच्या रामायण मंडळानं ठरवलं, की या मंगळवारी माझ्या मनःशांतीसाठी आमच्याच घरी पाठ करायचा. चाळीसेक माणसं आली. बायका स्वयंपाकघरात शिरून शिउमतीला दबक्या आवाजात विचारू लागल्या, की तुमच्यात बोलणं तरी होतं का. पुरुष ओसरीवर यांगोनाच्या मुळीच्या पेयाचं भांडं मांडून बसले. माझ्या हातातली करवंटी रिकामी झाली, की कोणीतरी भरायचं आणि माझ्याकडे असं बघायचं, की ती न पिणं म्हणजे त्यांचं मन मोडणं. जीभ बधिर होईपर्यंत मी प्यायलो. त्यामुळे मला गप्प पाहून त्यांची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी आमची मुलगी शैलेश्नी ब्रिस्बेनहून येऊन थडकली. फिल्म तिथवर पोचली होती. दारातच तिनं विचारलं, "बाबा, आईनं नेमकं काय केलं?"

शिउमतीनं ते ऐकलं. ती न ओरडता स्वयंपाकघरात निघून गेली. तीस वर्षांत ती माझ्यावर ओरडली नाही असा आठवडा गेला नव्हता. आता मात्र ताट समोर ठेवायची आणि वळायची. बाजारात भाजीवाल्या तिच्याशी तुटक वागतात, हे मला सुनेकडून कळलं. ज्या बाईनं एवढं खटलं सांभाळलं, तिला गाव नवऱ्याला टाकणारी समजत होतं!

मी मेरेसेइनीला गाठलं. तिला चांगलं झापायचं होतं. ती म्हणाली, "काका, तुमचा चेहरा पाहून मी घरी जाऊन रडले होते." आता अशा मुलीला काय झापणार? मीच तिला चहा पाजून परत आलो.

रात्रीची भांडी आवरल्यावर शिउमती माझ्यासमोर येऊन बसली.

"खरं सांगा. तिथे बसून काय विचार करत होता?"

खोटं बोलायचं धाडस झालं नाही. "काहीच नाही," मी म्हणालो. "मला कोणी काही विचारत नव्हतं. पंखा बिघडलाय, गॅस संपलाय, चष्मा कुठे ठेवलास... काही नाही. मी दुःखी नव्हतो गं. मी अगदी खुशीत होतो."

"खुशीत असताना तुमचं तोंड असं दिसतं?"

"असं दिसतं."

तिनं माझं तोंड नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "मला घेऊन चला."

त्या शनिवारी आम्ही दोघं त्याच बाकावर जाऊन बसलो. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं. ती पाण्याकडे बघत बसली आणि हळूहळू तिचं तोंड किंचित उघडलं. असा उदास चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता. घाबरून विचारलं, काय होतंय. ती म्हणाली, "किती बरं वाटतंय हो."

आम्हा दोघांना एकत्र बसलेलं गावानं पाहिलं. शैलेश्नी समाधानानं परत गेली. आपिसाइचे डबे बंद झाले.

आता दर शनिवारी शिउमती समुद्रावर जाते. एकटी. कोणीतरी घरी राहायला हवं, असं तिचं म्हणणं आहे. मागच्या शनिवारी मी सासूबाईंचा चष्मा शोधत असताना शैलेश्नीचा फोन आला.

"आई कुठेय?"

"समुद्रावर गेलीय."

"एकटी?" तिचा आवाज चढला. "बाबा, तुम्ही नेमकं काय केलंत?"

येत्या गुरुवारी तिचं विमान उतरतंय.