चौऱ्याहत्तर किलोचा प्रवासी

अविनाश देशकर माणसाला गाडीत घ्यायच्या आधी त्याचं वजन करतो. थट्टा नाही. बाथरूममध्ये असतो तसला काटा त्याच्या गाडीच्या डिकीत कायम असतो. तो काढायचा, ड्राइव्हवेवर सपाट फरशी बघून ठेवायचा, आणि म्हणायचं, "काका, वजन." बायकांना सांगत नाही, एवढी अक्कल आहे. एकदा मेहुण्याला सांगितलं. मेहुणा टॅक्सीनं गेला.

मी त्याचा शेजारी. मिल्टन कीन्समध्ये आमची घरं एका भिंतीला चिकटून आहेत. मी सांगलीकडचा, सातवी शिकलेला. माझी बायको कमल नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी तिच्या मागनं आलो. तीस वर्षं बस चालवली. अविनाश नागपूरचा, कॉम्प्युटरमधला, पन्नाशीला टेकलेला. डोक्यावर केस कमी आणि गाड्या दोन.

दोन्ही अमेरिकन. त्यांना मसल कार म्हणतात. पुढं लांबलचक तोंड, आत आठ सिलिंडर, मागं बसायला जागा म्हणाल तर पिशवी बसेल. एक नारिंगी चॅलेंजर, एक निळी मस्टँग. चॅलेंजर सुरू झाली की माझ्या स्वयंपाकघरातल्या वाट्या वाजतात. सरळ पळायला केलेली गाडी, आणि ती ह्यानं आणली कुठं, तर मिल्टन कीन्सला. इथं दर किलोमीटरला गोल चौक. पाच सेकंदांत साठ मैलांचा स्पीड गाठायचा, गोल आला की ब्रेक मारायचा. गोलावरनं हा असा वळतो की मांडीवर दह्याचं भांडं घेतलंय. आणि स्पीड लिमिटच्या पुढं काटा नेत नाही.

"अरे, मग घेतलीस कशाला?" मी विचारलं.

"ताकद असावी लागते काका. वापरलीच पाहिजे असं काऊन?"

चॅलेंजरचं स्टिअरिंग डावीकडं. म्हणजे मी उजवीकडं, इथं जिथं ड्रायव्हर बसतो तिथं, हातात काही नाही. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला असं बसवणं हा जुलूम आहे. लॉरी आली की पाय ब्रेक शोधतो. एकदा शेजारच्या गाडीतल्या बाईनं बघितलं, हा म्हातारा डोळे मिटून बसलाय आणि गाडी चाललीय. ती किंचाळली. मी तिला हात केला. मग तर जास्तच किंचाळली. कार पार्कचं तिकीट खिडकीतनं मीच घ्यायचं, पुढं लॉरी असेल तर "क्लिअर" मीच ओरडायचं. मला वाटायचं, ह्या कामासाठीच माणूस पाहिजे असेल ह्याला.

तसं नव्हतं. काम मोठं होतं. तुलना.

झालं असं, की चॅलेंजर होती तोवर त्याची बायको स्मिता काही बोलली नाही. मस्टँग आली तेव्हा बोलली. ड्राइव्हवेवर जागा दोन गाड्यांची. तिची छोटी पांढरी गाडी रस्त्यावर गेली. ती फार्मसीत कामाला, सकाळी उठून काचेवरचा बर्फ खरवडायची. तिनं माझ्यासमोर त्याला सांगितलं, "दोघींपैकी कुठली भारी ते ठरव. हरेल ती जाईल."

"मान्य," अविनाश म्हणाला. "पण फेअर पाहिजे. डेटा पाहिजे."

हे त्याचे दोन शब्द. भाजीवाल्याकडं गेला तरी फेअर आणि डेटा.

पद्धत अशी. रविवारी सकाळी सात वाजता, रस्ता मोकळा असताना. पेट्रोल अर्धी टाकी, कमी नाही जास्त नाही. टायर गरम. हवा किती थंड ते लिहायचं. गोलावरच्या पांढऱ्या रेषेवर थांबायचं, तिथनं सुटायचं, शून्य ते साठ. मी शेजारी स्टॉपवॉच घेऊन. माझा अंगठा चांगला आहे असं त्याचं मत. आणि माझं वजन दोन्ही गाड्यांत सारखं पाहिजे, कारण प्रवासी जड तर गाडी हळू.

पहिल्यांदा काटा ठेवला तेव्हा कमल दारात उभी होती. तिला राहवेना.

"असं नसतं करत वजन," ती म्हणाली. "काटा तोच, वेळ तीच, कपडे तेच, आणि पोटात काही नसताना. तर ते वजन खरं. नाहीतर नुसता आकडा."

अविनाशनं ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी माझ्या अंगात कमलनं आणलेला तपकिरी कोट होता. झालं. तेव्हापासनं रविवारी कोट. जुलैत पण कोट. मी चौऱ्याहत्तर भरलो. चॅलेंजरची धाव झाली, पाच सेकंद बरोबर. मस्टँगची पुढच्या रविवारी ठरली.

ती झाली नाही. गुरुवारी कमल गेली. चहा ठेवायला उठली आणि तिथंच बसली. हार्ट. मी शेजारच्या खोलीत बातम्या बघत होतो, मला कळलं पण नाही. जास्त लिहीत नाही. लिहून काय होणार.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सातला बेल वाजली. दारात अविनाश, काखेत काटा.

"काका, वजन."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाढवा म्हटलं, माझी बायको मेली आणि तुला गाडीचं पडलंय? शेजारची गोरी म्हातारी पडद्यातनं बघत होती. अविनाश हलला नाही. खाली मान घालून म्हणाला, "हो न काका. पण रविवार आहे न."

का कोण जाणे, मी कोट घातला आणि काट्यावर उभा राहिलो. एकोणसत्तर.

"नाही जमत," तो म्हणाला. "पाच किलोचा फरक आहे. फेअर नाही होत."

आणि गेला. मला वाटलं सुटलो.

पुढच्या रविवारी सदुसष्ट. त्याच्या पुढं सहासष्ट. खरं सांगायचं तर मला टोस्ट सोडून काही करता येत नाही. कमल होती तोवर शिकायची गरज पडली नाही. टोस्ट खायचा, खुर्चीत बसायचं, चहा करायला किचनमध्ये जायचं नाही. चौसष्ट झालं त्या दिवशी अविनाश वहीकडं बराच वेळ बघत राहिला. संध्याकाळी डबा घेऊन आला. पाटवडी रस्सा, नागपुरी, लालभडक. स्वतः केलेला.

"इंधन भरा," म्हणाला.

"भूक नाही."

"भुकेचं कोण विचारून राहिलं? माझी टेस्ट अडली आहे."

समोर बसून राहिला. मी दोन घास खाऊन ताट सरकवलं तर म्हणतो, "टाकी पाव आहे." तेव्हापासनं बुधवारी आणि रविवारी डबा. गोळाभात, झुणका, कधी मटण. वाढून समोर बसायचा, आणि मी खात असताना मस्टँगचा टॉर्क किती, चॅलेंजरचा किती, कुठली खालनं ओढते, कुठली वर जाऊन पळते, हे सांगत राहायचा. मला निम्मं कळत नव्हतं. पण त्याचं बोलणं थांबेपर्यंत ताट संपायचं.

सगळी आळी हसत होती. सगळ्यांना वाटायचं, मलापण, की हा चॅलेंजर वाचवायला वेळ काढतोय. कारण ती त्याचा जीव. सात वर्षं थांबून मागवलेली. निकाल नाही, तर विक्री नाही. स्मिता एकदा बर्फात काच खरवडताना मला म्हणाली, "काका, तुमच्या दहा किलोंपायी माझी गाडी महिनोन्महिने बाहेर उभी आहे हं."

मला लाज वाटली. मी त्याला सरळ म्हटलं, "दहा किलोची वाळूची पिशवी ठेव माझ्या पायाशी. चौसष्ट आणि दहा चौऱ्याहत्तर. सातवी शिकलेल्याला कळतं ते तुला कळत नाही?"

तो थबकला. चोरी पकडल्यासारखा. मग म्हणाला, "रेती बटन नाही दाबत काका."

"बटन मी दाबतो की!"

"रेती हलते. फेअर नाही." आणि विषय बदलला. मी म्हटलं, बघा, वेळ काढतोय.

वर्ष सरून वर तीन महिने झाले आणि एका रविवारी काटा चौऱ्याहत्तरवर थांबला. मी खिशातला चष्मा काढून बघितला, परत ठेवून बघितला. चौऱ्याहत्तर. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, आता काय बहाणा काढतो. टायर म्हणेल, हवा म्हणेल.

"चला," तो म्हणाला. मस्टँगची किल्ली काढली.

पांढऱ्या रेषेवर थांबलो. आता खरं सांगतो. त्या घडीला मला वाटलं, आपल्या अंगठ्यात आहे सगळं. माणसानं वर्षभर मला खाऊ घातलं, त्याची नारिंगी गाडी मी का घालवू? तो सुटला, पाठ सीटला चिकटली, साठ झाले, आणि मी अंगठा जरा उशिरा टेकवला.

"पाच पॉइंट चार," मी म्हटलं. "हरली."

त्यानं पुढचा गोल दह्यासारखा घेतला, बाजूला थांबला, आणि माझ्याकडं वळला.

"काका, बस स्टॉपवरनं तुम्ही कधी एक मिनिट लवकर हलले का?"

"कधीच नाही."

"मग आज काऊन?"

परत केलं. चार पॉइंट आठ. तिसऱ्यांदा केलं, परत चार पॉइंट आठ. मस्टँग जिंकली. घरी आल्यावर तो चॅलेंजरजवळ जाऊन उभा राहिला. स्मिताच जाऊन त्याला म्हणाली, "अरे, राहू दे, मी आपली लावते बाहेर." तर म्हणतो, "नाही. ठरलं ते ठरलं."

चॅलेंजर न्यायला लंडनकडच्या पिनरहून एक पोरगेला डॉक्टर आला. अविनाश त्याला इंजिन दाखवत होता, हात सारखा बॉनेटवर फिरत होता. मला म्हणाला, "काका, पुढच्या कप्प्यातले पेपर काढता?" मी माझ्या नेहमीच्या सीटवर बसलो, कप्पा उघडला. पेपर होते, पार्किंगची जुनी तिकिटं होती, आणि ती वही होती.

मी वही उघडली. मला वाचायला वेळ लागतो. वर कमलचं वाक्य, काटा तोच, वेळ तीच, कपडे तेच. खाली रकाने. चॅलेंजर, पाच. मस्टँग, रिकामं. पुढं, मस्टँगच्या निकालाचं शेवटचं पान सोडलं तर, सगळ्या पानांवर दोन्ही गाड्यांचे रकाने रिकामे. हवा लिहिली नव्हती, टायर लिहिले नव्हते. आणि शेवटचा रकाना, काका, एकही रविवार न सोडता भरलेला. एकोणसत्तर, सदुसष्ट, सहासष्ट, चौसष्ट. चौसष्टखाली दोन रेघा. मग बाजूला बारीक अक्षरात. बुधवार, पाटवडी दोन, रस्सा नाही प्याले. रविवार, भात अर्धा. बुधवार, झुणका सगळा. आणि पुष्कळ खाली एके ठिकाणी, आज मिरची मागितली.

वही मी कोटाच्या खिशात घातली. पेपर नेऊन दिले. चॅलेंजर गेली, गोलावरनं वळताना डॉक्टरनं टायर किंचाळवले, आणि अविनाशनं तोंड फिरवलं.

नंतरचा रविवार. सहा वाजताच जाग आली. म्हटलं, आता कोण येणार. तुलना संपली, गाडी विकली. तरी कोट घातला. कमलच्या खुर्चीत बसलो. सातला बेल.

दारात अविनाश, काखेत काटा. दाढी केलेली नव्हती. डोळे बसलेले.

"काका, वजन."

"अरे, गाडी राहिली एक. आता तुलना कुणाशी?"

त्यानं काटा खाली ठेवला. पायानं सरळ केला.

"मागच्या रविवारशी," म्हणाला.

मी खिशातनं वही काढली. ती बघून त्याचे कान लाल झाले, एवढा मोठा माणूस. मी पेन काढलं, शेवटच्या रकान्याच्या पुढं एक रेघ मारली आणि माझ्या सातवीच्या अक्षरात वर लिहिलं, अविनाश.

"आज आधी तू," मी म्हटलं. "आणि उपाशी आहेस ना? का खाऊन आलास?"

"दोन दिवस काही गेलं नाही, काका."

"बरं. चढ."

तो चढला. मी आकडा लिहिला. मग त्याला आत बोलावलं आणि किचनमध्ये गेलो. टोस्ट मला चांगला येतो. चहा पण ठेवला.